पावती क्रमांक एक

वही केळीच्या वखारीतली आहे.
डावीकडे 'घड' छापलेलं, उजवीकडे 'वजन',
त्याच रकान्यांत माझ्या बापानं कुत्री लिहिली:
घड, एक. वजन, अंदाजे अकरा किलो, अंगानं हडकुळी.

बेटावद टेसनासमोरच्या हॉटेलात
पैज लागली शेंगदाणा तेलाच्या डब्यावर.
एकीकडे हिलाल पाटलांचा कॅप्टन,
जिनिंगचा साहेब जाताना सोडून गेलेला, कागदपत्रांसकट.
दुसरीकडे धुडकू पारध्याची टोणी,
जिचा बाप गावातला कोणीही असू शकला असता.

शिकारबंदी येऊन दुसरा माघ.
पाटलांची बंदूक चौकीत जमा,
दर रविवारी ते नुसतं तेलाचं फडकं धुवायचे.
दादर कापून झालेली, धसकटं उभी,
पांझरेकडून वारा, डोळ्यांत कुसळं.
बाप दवाखान्यात कंपाउंडर, त्याच्याकडे घड्याळ होतं,
म्हणून तो पंच.
फॉरेस्टातला रमजान तडवी बांधावर बसलेला,
कोणी काही मारू नये म्हणून,
आणि खरं सांगायचं तर बघायलाही.

कॅप्टन सुटला तो थेट तापीपर्यंत.
वाटेत चार वेळा पखुर्ड्या उठवल्या, एकदा बकरी,
परत आला तो हसतच.
'वारा उलटा होता,' पाटील म्हणाले.
हे वहीत आहे.

टोणी पंचवीस पावलं गेली
आणि चालता चालता अडकली.
पुढचा एक पाय पोटाशी, शेपूट ताठ,
नाक एका ढेकळाकडे.
ढेकूळ म्हणजे ढेकूळच, सगळ्यांनी पाहिलं.
बापानं घड्याळ धरलं, नाडी मोजतात तसं.
चार मिनिटं. सात.
रमजानची विडी ओठातच विझली.
अकराव्या मिनिटाला
ढेकळानं डोळा उघडला.

ह्यापुढचं धुडकूला एकच ठाऊक होतं,
त्याच्या बापाला, आज्याला तेवढंच ठाऊक:
वळसा घाल, फास पसर, बस.
हात कमरेला गेलाही.
कमरेला फास होता की नव्हता
यावर म्हातारे अजून भांडतात.
मग त्यानं दोन्ही हात समोर आणले
आणि टाळी वाजवली.
एकच, भाकरी थापल्यासारखी.

पाच पखुर्ड्या मातीतून फुटल्या,
कट्-रो कट्-रो करत नदीकडे गेल्या.
टोणी हलली नाही.
हलायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री शेवभाजीवर क्लब निघाला.
पानावर तर्रीचे डाग आहेत, त्यांच्याखाली
नियम पहिला: पक्षी उडाला पाहिजे.
नियम दुसरा: बारासाठी टाळी.
तिसरा खोडलाय, कॅप्टनबद्दल असावा.
मग सात सभासद, वर्गणी सव्वा रुपया,
आणि सर्वांत खाली, लहान अक्षरात,
'धुडकू, पारधी. वर्गणी माफ.'

सकाळी तो दवाखान्याच्या पायरीवर.
मुठीत सव्वा रुपया, चिल्लर, घामेजलेली.
अरे, तुला माफ आहे, बाप म्हणाला.
'चौकीनी वहीमा मन्हं नाव फुकट शे,' तो म्हणाला,
'आठे पैसा दीसन लिखा.
आनि पावती द्या.'

बाप हे सांगताना दरवेळी चष्मा पुसायचा
आणि पुढं काही बोलायचा नाही.
मीही विचारलं नाही.
स्थळप्रत माझ्याकडे आहे: क्रमांक एक,
सव्वा रुपया रोख मिळाला, खाली अंगठा,
अंगठ्याशेजारी मातीचा ठसा,
चार बोटांचा. तो कोणी उमटवू दिला, लिहिलेलं नाही.

आता जीपगाड्या येतात, कुत्र्यांच्या गळ्यात यंत्रं असतात.
मी सेक्रेटरी, घड्याळ तेच.
गेल्या माघात पाऊण दिवस माळ तुडवला,
शेवटी चोपड्याची एक पोरसवदा कुत्री थांबली,
पाय पोटाशी.
आम्ही वाट पाहिली. अकरा मिनिटं, वीस.
ढेकूळ ढेकूळच राहिलं.

धुडकूचा नातू माझ्याकडे बघत होता.
मी मान हलवली.
त्यानं टाळी वाजवली.